आक्काचा अंगठा

कडब्याने भरलेली एक ट्रॉली आज सकाळी सावेडीत आमच्या रस्त्यावरून गेली. शहराच्या या नव्या भागात तिचं काय काम होतं कोण जाणे. वाट चुकली असावी, नाहीतर पुढच्या एखाद्या गोठ्याकडे निघाली असावी. पेंढ्या दोन्ही अंगांनी इतक्या बाहेर आल्या होत्या की शाळेत पोरं सोडायला निघालेल्या स्कूटर कडेला थांबून राहिल्या. ट्रॉली गेली आणि मागे वास राहिला. वाळल्या ज्वारीचा, गोडसर, धुळीचा, नाकात किंचित टोचणारा. म्हणजे सुगी इथवर आली. रब्बीची ज्वारी निघाली. आता महिनाभर गावाकडे कुणाला मान वर करायला सवड नाही.

लहानपणी हा वास मला फार आवडायचा. आता तो आला की मी नकळत उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकवून पाहतो. टेकतो. पुन्हा पाहतो. टेकतो. बायको म्हणते, "झालं का तुझं सुरू?" मी हात खिशात घालतो.

ही सवय दोन वर्षांपूर्वीच्या सुगीपासूनची.

मी नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. चेतापेशींची वाढ हा माझ्या संशोधनाचा विषय. अंड्यातल्या पिल्लाचं शरीर घडत असताना त्याच्या पाठीच्या कण्यातून चेतातंतू बाहेर पडतात आणि पाय, पंख, काळीज अशा घडत्या अवयवांकडे वाट काढत जातात. ते वाट कशी काढतात हे मी वीस वर्षं पाहत आलो आहे. माझी बहीण हे सगळं एका वाक्यात आटपते. बाजारात कुणीही भेटलं की सांगते, "आमचा मिलिंद शिरांचा डॉक्टर हाय." मी कागदावरचा डॉक्टर आहे, दवाखान्यातला नाही, हे तिला मी कितीदा तरी सांगितलं. तिने ते कधी मनावर घेतलं नाही. मला वाटतं, मीही फार जोर लावून सांगितलं नाही.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला काष्टीला दिली. दाजींचा दुधाचा टेम्पो आहे. गावोगावचं दूध गोळा करायचं आणि संकलन केंद्रावर घालायचं. आक्काचं बाजाराच्या मागच्या गल्लीत शिवणाचं दुकान. पत्र्याची खोली, पायमशीन, भिंतीला बुद्धाची तसबीर आणि खाली कात्र्यांची खुंटी. आमची आई अंगठा उठवायची. आक्का सातवी शिकली आणि शिवणक्लासला बसली. माझी पहिली फुलपँट तिनं शिवली. नोकरीच्या मुलाखतीला मी जो शर्ट घालून गेलो, त्याची कॉलर तिनं दोनदा उसवून तिसऱ्यांदा बसवली होती. "चार मान्सांत बसायचंस," ती म्हणाली होती, "कॉलर वाकडी दिसली तर मान्सं आधी तीच बघत्यात."

तिच्या ब्लाऊजला दौंडपासून बाया यायच्या. माप घेताना ती टेप कमी आणि बोटं जास्त वापरायची. कापड अंगठा आणि तर्जनीत धरून नुसतं चोळलं की सांगायची, हे आटेल, हे आटणार नाही.

त्या सुगीत एका दुपारी वारं सुटलं होतं. दुकानाच्या पुढच्या पडवीचा पत्रा एका बाजूने सुटून आपटत होता. दाजी टेम्पो घेऊन गेलेले. गावात माणूस मिळायचं नाव नव्हतं, सगळे ज्वारीत. आक्का स्टुलावर चढली आणि पत्रा खाली ओढायला गेली. स्टूल कलंडलं. पत्र्याची धार तिच्या उजव्या हाताच्या आतल्या अंगाने, मनगटाच्या चार बोटं वर, आडवी गेली.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं, टाके घातले. आणि त्यांनी बरोबर सांगितलं होतं, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. त्यांनी सांगितलं, बोटं बधिर वाटली तर थांबू नका, नगरला हाताच्या डॉक्टरांना दाखवा.

तिसऱ्या दिवशी आक्काने मला फोन केला.

आमच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. बाहेरून आलेले परीक्षक समोर बसले होते. मुलं अंड्यातला तीन दिवसांचा जीव काचपट्टीवर घेण्याच्या खटपटीत होती. मी फोन घेऊन दारात गेलो.

"मिलिंदा, टाकं ठीक हायेत," आक्का म्हणाली. "पन अंगठा आन् ही दोन बोटं माझी वाटत न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हंजी हायेत, पन न्हाईत. मुंग्या येत्यात. सुई टोचून बघितली, कळंना."

"सूज आहे आक्का. इतका मोठा घाव आहे. सूज उतरली की मुंग्या जातील."

"डॉक्टर म्हनत हुते नगरला दाखवा."

"दाखवू की. माझ्या परीक्षा आटपू दे. पंधरा दिवस जाऊ दे, घाबरू नको. मी सांगतोय ना."

"तू म्हनतोस तर बरं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला ताण सैल झालेला मला इकडे ऐकू आला. मी आत गेलो. एका मुलीची काचपट्टी छान जमली होती. परीक्षकांनी मला बोलावून दाखवली. दोघांनी मान डोलावली.

हा सगळा फोन दोन मिनिटांचाही नसेल.

त्या दिवसांत माझ्या उबवणीच्या पेटीत एक मोठा प्रयोग चालू होता. अंड्यातल्या पिल्लाला चौथ्या दिवशी पायाच्या जागी नुसता एक कोंब असतो, डाळिंबाच्या दाण्याहूनही लहान. कण्यातून निघालेले तंतू त्या कोंबाकडे जातात. प्रत्येक तंतूच्या टोकाला एक चिमुकला पंजा असतो. तो चाचपत पुढे जातो, काही रुचलं नाही तर आक्रसतो, बाजूने पुन्हा बोटं पसरतो. शरीर गरजेपेक्षा कितीतरी जास्त चेतापेशी जन्माला घालतं. ज्यांच्या तंतूंना कोंबात जागा मिळते त्या जगतात, ज्यांना मिळत नाही त्या मरतात. आणि कोंबच काढून टाकला तर जवळजवळ सगळ्याच मरतात. वर्गात मी हे शिकवताना म्हणायचो, "चेतापेशीला कुणीतरी वाट पाहणारं लागतं." मुलांना ते वाक्य आवडायचं, वहीत लिहून घ्यायची. मलाही आवडायचं. आता मी ते म्हणत नाही.

पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले. परीक्षा लांबल्या, मग पेपर तपासणी आली, मग विद्यापीठाला अहवाल द्यायचा होता. मध्ये दोनदा फोन झाला. आक्का म्हणाली, टाके काढले, जखम भरली. बोटांचं तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी सांगितलं होतं ना घाबरू नको म्हणून.

एका रविवारी मी दौंडची एसटी धरली आणि काष्टीला उतरलो. खळ्यावर मळणी चालू होती, भुसा उडून रस्त्यावर पिवळा थर बसला होता. आक्का चुलीपुढे होती. भाकरी ती डाव्या हाताने थापत होती आणि उजव्याचा नुसता तळवा टेकू देत होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला. "ये, बस. पातळ पिठलं केलंय," म्हणाली, आणि बोलता बोलता भाकरी उलटायला तिने हात तव्याकडे नेला. ती माझ्याकडे पाहत होती. नगरची बातमी विचारत होती, माझ्या पोरीचं विचारत होती, हसत होती.

मला वास आला. भाकरी करपल्याचा नव्हता तो. केस जळाल्यावर येतो तसला, पण जड.

"आक्का, हात!"

तिने खाली पाहिलं. मधल्या बोटाची कड तव्याला टेकलेली होती. तिने हात उचलला तेव्हा कातडीचा एक पापुद्रा तव्यावरच राहिला. ती ओरडली नाही. तिने ते बोट डोळ्यांजवळ नेलं आणि दुसऱ्या कुणाची वस्तू पाहावी तसं फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "अगं बया. ह्ये परत झालं."

परत.

मी तिचा हात माझ्या हातात घेतला. तीन बोटांवर भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या. तर्जनीच्या टोकाला सुईची भोकं होती, काळी पडलेली. अंगठ्याच्या मुळाशी जी गादी असते ती बसून गेली होती, तिथे खळगा पडला होता. कातडी कोरडी, गुळगुळीत, कागदासारखी. मी म्हणालो, "अंगठा करंगळीला लाव." तिने प्रयत्न केला. अंगठा बोटांच्या ओळीतच पडून राहिला, हलला नाही. तिने डाव्या हाताने तो उचलून करंगळीपाशी नेला आणि म्हणाली, "असा जातो."

भीती म्हणजे काय हे मला त्या दिवशी नीट कळलं. ती धडधडत वगैरे आली नाही. पायाच्या तळव्यांपासून गार होत वर चढली. अंगठ्याच्या गादीला जाणारा, अंगठा आणि अडीच बोटांना स्पर्श देणारा तंतू मनगटाच्या वर तुटला होता. हे ओळखायला डॉक्टरही लागत नाही, माझा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल. आणि ते मला पाच आठवड्यांपूर्वी, फोनवर, तिच्या पहिल्याच वाक्यात कळायला हवं होतं. वीस वर्षं मी चेतातंतू पाहिला होता. तो जिथे जातो तो हात कधी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी नगरला हाताच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर गाठले. तरुण, चटपटीत माणूस. त्यांनी कापसाच्या बोळ्याने, मग टाचणीने तपासलं. आक्काला डोळे मिटायला सांगितले. ती बिचारी परीक्षेला बसल्यासारखी कपाळाला आठ्या घालून "आता लागलं, आता लागलं" म्हणत होती. दर वेळी चुकत होती.

"किती दिवस झाले?"

"सवा महिना," आक्का म्हणाली.

डॉक्टरांनी टाचणी ट्रेमध्ये टाकली. "लगेच आणायला पाहिजे होतं. पहिल्या काही दिवसांत टोकाला टोक जोडता येतं. आता टोकं मागे सरकली असणार. बोटं बधिर झाली तेव्हाच का नाही आलात? कुणी सांगितलं थांबा म्हणून?"

त्या खोलीत वर पंखा फिरत होता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी आक्का बोलली.

"कुनी न्हाई सायेब. सुगीचं दिस. मीच अंगावर काढलं."

डॉक्टरांनी मान हलवली, अशा बाया त्यांनी पुष्कळ पाहिल्या असणार. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही भाऊ का? काय करता?"

"प्राध्यापक आहे. प्राणिशास्त्राचा."

"अरे वा. स्पेशल विषय कोणता?"

"पेशीविज्ञान," मी म्हणालो.

चेता हा शब्द मी गिळला. आक्का माझ्याकडे पाहत नव्हती. ओच्यात हात ठेवून बसली होती, डाव्या हाताने उजव्या अंगठ्याला धरून, जत्रेत लहान मूल धरावं तसं.

टोकं खरंच मागे सरकली होती. मधली फट भरायला डाव्या पायाची एक शीर, म्हणजे तिथला चेतातंतू, काढून हातात बसवावी लागणार होती. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं, पायाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहील, कायमचा. चालायला अडचण नाही. आक्काने विचारलं, "मशीन मारायला?" ते म्हणाले, "सवय होईल." संमतीच्या कागदावर सही करायची होती. उजव्या हातात पेन धरवेना. माझ्या आक्काचं अक्षर इतकं वळणदार आहे की दुकानाची पाटी तिने स्वतः रंगवली आहे. नर्सने शाईचा पॅड पुढे केला. आक्काने डावा अंगठा त्यावर दाबला आणि कागदावर उठवला. मग त्या ठशाकडे बघून म्हणाली, "आईवानी."

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं.

शस्त्रक्रिया झाली. आणि मग वाट पाहणं सुरू झालं. कापलेला तंतू जोडला म्हणजे दिवा लागल्यासारखा स्पर्श परत येत नाही. तुटलेल्या जागेच्या पुढचा सगळा तंतू मरून जातो. मागच्या टोकातून नवा फुटावा लागतो, आणि तो जुन्याच्या रिकाम्या नळीतून पुढे सरकतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. तेही सगळं सुरळीत असेल तर. इकडे स्नायू वाट पाहत असतो, पण कायम पाहत नाही. दिवसागणिक सुकत जातो. वर्ष-दीड वर्षात तंतू पोचला नाही तर मग तो पोचूनही उपयोग नसतो. एवढं मला माहीत होतं. दाजींना माहीत नव्हतं, आक्काला माहीत नव्हतं. त्या घरात भीती वाटायला लागणारी पुरेशी माहिती एकट्या माझ्याकडे होती.

डॉक्टरांनी एक साधी तपासणी शिकवली होती. घावापासून बोटांकडे हळूहळू टिचक्या मारत जायचं. जिथे टिचकी मारल्यावर बोटांत वीज चमकल्यासारखं होतं, तिथपर्यंत नवी टोकं पोचली समजायचं. दर रविवारी मी काष्टीला जायचो. आक्का हात उशीवर ठेवायची, मी टिचक्या मारायचो.

"हितं?"

"न्हाई."

"इथे?"

"न्हाई... थांब. व्हय. हितं झिणझिणलं."

मी बॉलपेनने खूण करायचो. मागच्या रविवारची पुसट खूण तिच्या मागे असायची. पहिले काही रविवार खुणा पुढे सरकल्या. मग मनगटाच्या जरा अलीकडे, जिथे पायाची शीर संपून हाताची पुन्हा सुरू होते त्या दुसऱ्या जोडापाशी, खूण थांबली. एक रविवार. दोन. खुणेवर खूण. तिसऱ्या रविवारी मी एसटीत बसलो. श्रीगोंद्याच्या बाजूची लिंबाच्या बागा खिडकीतून मागे जात होत्या, उन्हाने रस्ता हलत होता, आणि मी मनात टिचक्या मारत होतो. त्याही दिवशी खूण तिथेच. चौथ्या रविवारीही.

कॉलेजात मी पेटी उघडेनासा झालो. आमच्याकडे तंतूंच्या वाढीची चित्रफीत काढायची सोय आहे. ती लावून पाहावी तर पडद्यावर तो चिमुकला पंजा पुढे यायचा, कशाला तरी अडखळायचा आणि आक्रसून माघारी जायचा. पूर्वी मी अशा माघारी मोजायचो, त्यावर लेख लिहायचो. आता पडद्यावर पंजा आक्रसला की मी चित्रफीत थांबवायचो. एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, हा पुढे जाईल का?" मी म्हणालो, "माहीत नाही." ती चमकून पाहायला लागली. माझ्याकडून हे उत्तर तिने कधी ऐकलं नव्हतं.

दाजी कमी बोलणारा माणूस. मला ते 'पावनं' म्हणतात. एका रविवारी कॅन धूत असताना त्यांनी मला बाहेर बोलावलं. नळाची धार तशीच चालू ठेवली, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"पावनं, तुमी यातलंच. खरं सांगा, हात येईल का?"

"डॉक्टर म्हणतात थांबून पाहू."

"डॉक्टर ऱ्हाऊ द्या. तिचा तुमच्यावर भरवसा हाय. परवा रेशनला गेल्ती. त्या मशीनवर अंगठा उठंना. उजवा ठेवला, न्हाई. पुसून ठेवला, न्हाई. मागची मान्सं कालवा करायला लागली. डाव्यावर काम झालं, पन घरी येऊन लई रडली. म्हनली, मशीन बी म्हनतंय हा अंगठा माझा न्हाई."

चेतातंतू नसलेल्या कातडीला घाम येत नाही, ती गुळगुळीत होते, रेषा झिजल्यासारख्या दिसतात. हे मी दाजींना समजावून सांगू शकलो असतो. त्यांनी ते विचारलं नव्हतं. मी नळ बंद केला, पुन्हा चालू केला, आणि म्हणालो, "मला सांगता येत नाही दाजी." त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी पाहिलं नाही. पण त्या घरात तेवढं एक वाक्य मी खरं बोललो होतो.

पाचव्या की सहाव्या रविवारी खूण हलली. अर्ध्या बोटाएवढी, पण जोडाच्या पलीकडे. आक्का म्हणाली, "झिणझिणलं," आणि मी म्हणालो, "नक्की?" आणि पुन्हा टिचकी मारली, आणि पुन्हा, तिला दुखेपर्यंत. त्यानंतर खुणा मनगट ओलांडून तळव्यात उतरल्या. तिथे बॉलपेन टिकत नाही. मग अंदाजावर.

उन्हाळा गेला. बाजरी निघाली. मी कॉलेजात वर्गावर निघालो होतो आणि फोन वाजला.

"मिलिंदा!" आक्का ओरडत होती. "झोंबतंय! कांद्यावर लिंबू पिळलं आन् आग आग झाली!"

मी पायरीवरच बसलो. "कुठे झोंबतंय?"

"अंगठ्याला. टोकाला. आई गं..."

"अंगठ्याला काही लागलंय का बघ. सुई वगैरे."

तिने बोटं पाहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "अंगठा साफ हाय. सुई मधल्या बोटाला लागल्याली हाय." आणि पुढे, "जखम हितं आन् झोंबतंय तितं. ह्ये कसं रं?"

वरून मुलं जिना उतरत होती, माझ्या बाजूने वाट काढून पुढे जात होती. तंतू पोचले होते. पण वाटेत अदलाबदल झाली होती. अंगठ्याकडे जायचे काही मधल्या बोटात शिरले होते आणि मेंदूला त्याचा पत्ता नव्हता. अंड्यातल्या पिल्लात असं झालं तर चुकलेल्या पेशी मरून जातात आणि वाटा दुरुस्त होतात. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या हातात तसं होत नाही. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या खालोखाल तो गारवा पुन्हा तळव्यांतून वर यायला लागला, कारण आता मला कळलं की हात येईल, पण तो तिचा जुना हात नसेल.

तसंच झालं. आज तिचा अंगठा अनामिकेच्या मुळापर्यंत जातो, करंगळीपर्यंत नाही. तवा पोळतो हे कळतं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण कापड चोळून तिला काही सांगता येत नाही. हूक, काजं, हातशिलाई सुटली. ब्लाऊजच्या बाया आता दुसरीकडे जातात. ती शाळेचे गणवेश शिवते, उशांचे अभ्रे, परकर. सरळ शिवण. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधी उठतो, कधी नाही. सुरुवातीला ती डोळे मिटून शेजारच्या पोरीकडून बोटांना हात लावून घ्यायची आणि कुठलं बोट ते ओळखायचा सराव करायची. बराच काळ केला. आता कधी करताना दिसत नाही.

आणि मी? मला लोक अजून फोन करतात. शेजारी, नातेवाईक, गावाकडची माणसं. कुणाची मान दुखते, कुणाच्या पायाला मुंग्या येतात. मी पहिल्या वाक्यालाच म्हणतो, दवाखान्यात जा, आजच जा. लोकांना वाटतं सर तुसडे झाले. त्यांना काय सांगू? समोरच्याला 'घाबरू नको' म्हणायची मला भीती वाटते.

पण खरी भीती ती नव्हतीच. ती दुसरीच होती आणि दोन वर्षं मी तिला कशाच्या ना कशाच्या आड ठेवत आलो. आक्काने डॉक्टरांसमोर 'मीच अंगावर काढलं' म्हटलं, ते तिला खरंच तसं वाटत होतं म्हणून, की मला वाचवायला? प्रत्येक रविवारी टिचक्या मारताना मी तिच्या चेहऱ्यावर हेच शोधत होतो. तिला कळलंय का? पायाची शीर माझ्या शब्दापायी गेली, हे तिला माहीत आहे का? माहीत नसेल तर सांगू का? मी सांगितलं नाही. दर रविवारी परतीच्या एसटीत ठरवायचो, पुढच्या खेपेला.

गेल्या रविवारी काष्टीला गेलो. गावात पुन्हा तोच पिवळा भुसा, तीच घाई. आक्का दुकानात मशीनवर होती. गणवेशाचा ढीग पडला होता. मी स्टुलावर बसलो, चहा झाला, ती मशीन मारत बोलत राहिली. माझं सहज खाली लक्ष गेलं. तिच्या डाव्या पायातली चप्पल केव्हाच निसटून बाजूला पडली होती. पायाची बाहेरची कड मशीनच्या लोखंडी पायट्याच्या काठावर घासत होती, वर-खाली, वर-खाली. कातडं सोललं होतं. लोखंडावर लाल ओल आली होती. आक्का दर दोन ओळींनी दोरा तोडत होती आणि हसून शेजारच्या पोरीच्या लग्नाचं सांगत होती.

"आक्का, पाय."

तिने वाकून पाहिलं. "ह्यॅ. हुतं असं."

मी खाली बसलो. तिचा पाय हातात घेतला, तिने दिलेल्या कापडाच्या चिंधीने रक्त टिपलं, पट्टी गुंडाळली. गाठ मारली आणि तरी पाय सोडवेना. खाली मान घालूनच मी म्हणालो, "आक्का, त्या वेळी तू फोन केलास ना, बोटांचा..."

"मला म्हायती हाय," ती म्हणाली.

तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"कधीपासून?"

"डॉक्टरनी इचारलं तवापास्नं. तुझं तोंड बघितलं की."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तितं चार मान्सांत तुझी लाज ऱ्हाऊ दिली. मला वाटलं, घरी आल्यावर तू बोलशील." मग ती म्हणाली, "दोन सुग्या झाल्या मिलिंदा. दर ऐतवारी येतोस, हात बघतोस, जातोस. मी वाट बघत हुते."

मला वर पाहवेना. "चुकलं आक्का," मी पायाकडेच बघून म्हणालो.

"पाय सोड आधी. वर बस. आन् नीट तोंडानं सांग, काय चुकलं ते. मी काय तुझी कॉलेजातली पोर न्हाई, अर्ध्यावर समजून घ्यायला."

मी उठून स्टुलावर बसलो आणि सांगितलं. परीक्षेचं, दारात जाऊन घेतलेल्या फोनचं, तिने पहिल्या वाक्यात सांगितलेलं मला कळायला हवं होतं त्याचं, पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले त्याचं, टोकं मागे सरकली आणि पायाची शीर का काढावी लागली त्याचं. 'पेशीविज्ञान' म्हणालो तेही. बाहेरून ट्रॅक्टर जात होते, दारात कुणी गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि आमच्याकडे बघून निघून गेलं. आक्का उजवा हात मांडीवर उताणा ठेवून शेवटपर्यंत ऐकत होती. मध्ये एकदाही 'जाऊ दे' म्हणाली नाही.